कोऱ्या कागदाचे पैसे

मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर गेला की जळगावातली शहाणी माणसं कूलरमध्ये पाणी भरतात, डोक्याला उपरणं गुंडाळतात आणि भुसावळकर आपल्यापेक्षा जास्त भाजताहेत, यात समाधान मानतात. मी मात्र बैठकीच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसतो. त्या भिंतीवर अमेरिकेतलं कनेटिकट राज्य आहे आणि तिथे गुडघाभर बर्फ पडलाय.

लोक नाणी जमवतात, अडकित्ते जमवतात. मी एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेचा हिवाळा जमवतो. न्यूयॉर्कला क्युरिअर आणि आइव्हज नावाची छापखानेवाली जोडगोळी होती. नॅथॅनिएल क्युरिअर आधीपासून धंद्यात होता, १८५७ साली जेम्स आइव्हज भागीदार झाला आणि १९०७ साली दुकान बंद झालं. तोवर त्यांनी सात हजारांवर निरनिराळी चित्रं दगडावरून छापून विकली. आगी, आगबोटी, घोड्यांच्या शर्यती, काय वाट्टेल ते. आपल्याकडे राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढून लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचवल्या. यांनी त्याच्या कितीतरी आधी हिवाळा पोचवला. लहान चित्र वीस सेंटला मिळे. आज त्यातल्या गाजलेल्या मोठ्या चित्रांना हजारो डॉलर पडतात, म्हणून माझ्याकडे लहान चित्रंच अस्सल आहेत. मोठी आहेत ती एका विमा कंपनीच्या जुन्या कॅलेंडरांची पानं.

अस्सल कुठलं आणि कॅलेंडरचं कुठलं, हे भिंगाखाली कळतं. नंतरच्या छपाईत एकसारख्या ठिपक्यांच्या ओळी दिसतात. दगडावरच्या छापात दाणा असतो, तो वेडावाकडा. जळगावात चांगलं भिंग सराफाकडेच असायचं, त्यामुळे भाच्याने पाठवलेलं पहिलं चित्र घेऊन मी सराफ बाजारात गेलो. शेठनी डोळ्याला भिंग लावून बराच वेळ ते न्याहाळलं.

"यात सोनं किती?"

"अजिबात नाही."

"मग नुसत्या मजुरीचे एवढे लावले?"

मजुरीचं त्यांनी बरोबर ओळखलं. चित्र छापलं जायचं काळं. रंग हाताने भरायचे, आणि ते काम बायका करत. लांबलचक टेबलाशी ओळीने बसायचं, समोर नमुन्याचं रंगवलेलं चित्र ठेवायचं, आणि एकीने फक्त निळा लावून कागद पुढे सरकवायचा, दुसरीने फक्त लाल. म्हणजे कुणी बाई महिनोन् महिने नुसते गळपट्टेच रंगवत बसली असेल. बर्फ रंगवणारी बाई मात्र बहुधा नसावी, कारण त्यातला बराचसा बर्फ म्हणजे न रंगवलेला कागद.

ही माहिती मी उत्साहाच्या भरात घरी सांगितली.

"म्हणजे जिथे काहीच छापलेलं नाही, त्याचे पैसे दिलेत?" सौभाग्यवती म्हणाल्या. "कोरा कागद इथे फुले मार्केटात नव्हता मिळत?"

यावर कलेच्या इतिहासात उत्तर नाही.

शिवाय हा कोरा कागद इथे कोरा राहत नाही. जळगावच्या हवेत तो केळ्यासारखा पिकतो. आधी पिवळा पडतो, मग त्यावर तपकिरी ठिपके येतात. उन्हाने वाळू नये म्हणून कूलर लावावा, तर ओलीने कागदाला पोक येतो. कूलर बंद ठेवावा, तर माणसं पिवळी पडतात. आमच्याकडे एप्रिलपासून हा वाद चालतो आणि दर वर्षी माणसं जिंकतात. फ्रेमवाल्याला चित्रामागे आम्ल नसलेला पुठ्ठा लावायला सांगितला, तेव्हा त्याने आमच्याकडचा कुठलाच पुठ्ठा आंबट नसतो, अशी खात्री दिली. वर, "खाली देवाचा एखादा फोटो घालू का? नुसतं झाड आणि घर कसं दिसेल?" असंही विचारलं.

ही नुसती झाडं-घरं बहुतेक जॉर्ज ड्युरी नावाच्या चित्रकाराची. राहणार न्यू हेवन, कनेटिकट. १८६३ साली तो वारला आणि 'होम टू थँक्सगिव्हिंग' हे त्याचं सगळ्यांत गाजलेलं चित्र त्यानंतर, १८६७ साली छापून आलं. मुलगा-सून सणाला गावाकडे आले आहेत, दारात म्हातारा त्यांचं स्वागत करतो आहे, चहूकडे बर्फ. विकत घेणारे पुष्कळदा शहरातले, ज्यांनी गाव सोडलं होतं. चित्रात कुणाचे पाय ओले होत नाहीत, की कुणाला सर्दी होत नाही.

सर्दी आपल्याकडे झाली. ड्युरीचंच १८६४ साली छापलेलं आणखी एक चित्र आहे, गोठलेल्या तळ्यातून बर्फाच्या लाद्या कापून नेणाऱ्या माणसांचं. हा तिकडचा मोठा धंदा होता. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने १८३३ साली तळ्यातला बर्फ लाकडाच्या भुशात बांधून जहाजाने थेट कलकत्त्याला पाठवला. चार महिन्यांच्या प्रवासात बराच वितळला, तरी शंभर टनांच्या आसपास पोचला. लवकरच तो मुंबईलाही येऊ लागला. सर जमशेटजी जीजीभाईंनी मेजवानीत आइस्क्रीम वाढलं, आणि यजमान-पाहुणे सगळेच सर्दीने बेजार झाल्याची बातमी 'मुंबई समाचार'ने दिली, असं सांगतात. तेव्हा कनेटिकटशेजारच्या राज्याचा बर्फ जवळजवळ दोन शतकांपूर्वीच महाराष्ट्रात आला होता. जळगावला पोचायला त्याला मी लागलो, एवढंच.

आमच्याच जिल्ह्यात, चाळीसगावला, कलामहर्षी केकी मूस होऊन गेले. मलबार हिलचं वैभव सोडून हा माणूस स्टेशनाजवळच्या बंगल्यात येऊन राहिला आणि दशकानुदशकं बाहेर फारसा पडलाच नाही. टेबलावर छोटं जग मांडायचं आणि त्याचं छायाचित्र काढायचं, ही त्यांची कला. शिवाय जुन्या वस्तूंचा संग्रह वेगळाच. घरात बसून जग उभं करण्याचा खानदेशी दाखला म्हणून मी त्यांचं नाव घरात अनेकदा घेतो. "त्यांना कुणी दळण आणायला सांगत नव्हतं," असं उत्तर येतं.

खरी परीक्षा धुळ्याच्या मावशी आल्या तेव्हा झाली. चष्मा पुसून त्या भिंतीजवळ गेल्या, हळहळल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, इतला कापूस येचाना ऱ्हायी गया?" हा बर्फ आहे, हे कळल्यावर हळहळीची जागा संशयाने घेतली. धुळेकरांना थंडीचं कौतुक नाही, कारण त्यांच्याकडे ती खरोखर पडते. जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर येतो. पलीकडे सातपुड्यात तोरणमाळ आणि डाबच्या बाजूला दवाचे थेंब गोठतात आणि वर्तमानपत्रवाले त्याचे फोटो छापतात. रावेर-यावलचा केळीवाला तो फोटो बघून खूश होत नाही. पारा दहाच्या खाली गेला की केळीची वाढ थांबते, पानं पिवळी पडतात, घड भरत नाही. तो रात्री पाणी देतो, बांधावर पालापाचोळा पेटवून धूर करतो आणि पहाटेपर्यंत जागतो. ड्युरी रावेरला जन्मला असता, तर धुराची चित्रं काढून बसला असता आणि ती कुणी वीस सेंटलाही घेतली नसती. मी तर नक्कीच नाही. मला थंडी आवडते, ती दुसऱ्याच्या गावातली.

हे माझ्या भाच्याला बरोबर समजतं. तो मिनेसोटात राहतो आणि नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत सकाळी फावड्याने दारातला बर्फ ओढतो. माझ्यासाठी जुन्या बाजारात चित्रं शोधताना, "मामा, हे फुकट देतो, फक्त घेऊन जायला या," असं म्हणतो. गेल्या दिवाळीत त्याने मोबदला म्हणून काही मागितलं. मला वाटलं शेवभाजीचा मसाला मागेल. तर त्याला रावेरच्या केळीच्या बागेचा मोठा फोटो हवा होता, भर मे महिन्यातला, भिंतीवर लावायला. मी मे महिन्यात मुद्दाम जाऊन काढला आणि पाठवला. त्याचं लगेच उत्तर आलं: ऊन थोडं कमी वाटतंय, जरा दुपारी एक वाजता काढता येईल का?