स्वातंत्र्यदिनी रस्सा पारतंत्र्यात

पंधरा ऑगस्टला घोडबंदर रोडवर एकच गोष्ट बंद असते, ती म्हणजे वाहतूक. बाकी सगळं उघडं. झेंडावंदन आटोपलं की निम्मं ठाणे मॉलच्या पार्किंगमध्ये शिरायला धडपडतं.

तिकडे कल्याण-डोंबिवलीत २०२५ साली वेगळाच प्रकार घडला. महापालिकेने फर्मान काढलं की १४ ऑगस्टच्या मध्यरात्रीपासून पुढचे २४ तास कत्तलखाने आणि मटण-चिकनची दुकानं बंद. ज्या मुहूर्तावर इंग्रज गेले, त्याच मुहूर्तावर खाटकाचा सुरा म्यानात! आधार कशाचा, तर १९८८ च्या ठरावाचा. खड्ड्याबद्दलचा अर्ज आठवड्यात गहाळ होतो, पण सदतीस वर्षांपूर्वीचा ठराव बरोब्बर सापडतो. सरकारी दप्तराची ही किमया.

पुढाऱ्यांना आयतीच फोडणी मिळाली. जितेंद्र आव्हाडांनी त्याच दिवसासाठी मटण पार्टी जाहीर केली. तेव्हा उपमुख्यमंत्री असलेल्या अजित पवारांनाही बंदी पटली नाही. मुख्यमंत्री म्हणाले, कोण काय खातं यात सरकारला रस नाही. सरकारला रस नसेल, डोंबिवलीकरांचा रस्सा मात्र गेला. त्यात तो श्रावणातला शुक्रवार. पाळणाऱ्यांनी गटारीलाच हात धुऊन घेतले होते. त्यांना आदेशाची गरज नव्हती. न पाळणाऱ्यांना मात्र पालिकेने श्रावण पाळायला लावला.

आता कायदा बघा. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दुकान वर्षाचे ३६५ दिवस उघडं ठेवता येतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारने पुन्हा निक्षून सांगितलं की दारूची दुकानं, बार वगैरे सोडून बाकीच्यांनी खुशाल २४ तास धंदा करावा. याच कायद्यात आणखी एक कलम आहे, ते फारसं कुणी वाचत नाही. वीस किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या भरपगारी सुट्ट्या. काम करून घेतलं तर दुप्पट पगार.

आता पंधरा ऑगस्टला मॉलमधल्या कपड्यांच्या दुकानात जा. छातीवर तिरंग्याचा बिल्ला लावलेला पोरगा सकाळपासून उभा असतो. टेकायला स्टूल नाही. ट्रायल रूममधून फेकलेले शर्ट घड्या घालून पुन्हा रॅकवर, पुन्हा घड्या, पुन्हा रॅकवर. त्याला विचारलं, "आज सुट्टी नाही?" तर म्हणतो, "सुट्टी आहे म्हणून तर गर्दी आहे, सर."

म्हणजे ज्याला सुट्टी नको, त्याच्या दुकानाला जबरदस्तीने कुलूप. आणि ज्याला कायद्यानेच सुट्टी दिली, तो काउंटरवर. पहिल्यासाठी पत्रकार परिषदा झाल्या, दुसऱ्यासाठी कुणी साधी कोंबडीही घेऊन मोर्चा काढला नाही.

तेव्हा कामगार खात्याच्या साहेबांना विनंती: एखाद्या पंधरा ऑगस्टला घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही मॉलमध्ये यावं, हजेरीपट आणि पगारपत्रक मागावं. त्यात दुप्पट पगाराची नोंद सापडली, तर पुढचा श्रावण आम्हीही पाळू.