नानांचं ए.एच.यू.

होळीची राख निवायच्या आत गल्लीत पत्र्याचा खडखडाट झाला की लासूर स्टेशनला उन्हाळा लागला असं समजायचं. नानांनी माळ्यावरून कूलर उतरवलेला असतो. असा एक नाना गल्लोगल्ली असतो. आमचा जरा ठणठणीत आहे, एवढंच.

नाना मार्केट यार्डात मापाडी होते. उभी हयात कांदा तोलण्यात गेली, त्यामुळे मापाशिवाय त्यांना काही पटत नाही. "कूलर म्हणजे पाण्याचा धंदा," ते सांगतात. "एक लिटर पाणी उडून गेलं की पाऊण युनिटाला थोडी कमी उष्णता सोबत घेऊन जातं. ताशी पाच लिटर उडव, एक टनाच्या एसीइतकं काम झालं." हा हिशेब बरोबर आहे, मी ताडून पाहिला. पाच लिटर पाणी आणायचं कुठून, हे मात्र टँकरच्या दिवसांत नाना सांगत नाहीत.

कूलर अंगणात आला की पहिली शस्त्रक्रिया टिल्लू पंपाची. नाना पाट घेऊन बसतात, चष्मा कपाळावर, जुना टूथब्रश कानावर. आमच्या बोअरच्या पाण्याला क्षार भारी. वर्षभरात पंपाच्या पात्यांवर पांढरी खपली धरते आणि पाणी सोडणाऱ्या नळीची भोकं बुजून जातात. नाना दाभणानं एकेक भोक मोकळं करतात, फुंकर मारतात, नळी डोळ्याला लावून आभाळाकडे बघतात. खपलीवर उतारा चिंचेचं पाणी. काकूंची वर्षाची चिंच डब्यातून निम्मी होते तेव्हा मांजराचं नाव घ्यायची सोय नसते.

मग गवत. बाजारात हनीकोंबचे पॅड आले, पण नानांचा विश्वास लाकडी गवतावर. ते धरून ठेवायला जाळी लागते, आणि जिथे कांद्याची बाजारपेठ आहे तिथे लाल जाळीच्या गोणीला काय तोटा? दोन वर्षांपूर्वी त्यांनी गोण्या उसवून तिन्ही बाजूंना बसवल्या. धुवायच्या राहिल्या. पहिल्या रात्री घरभर थंडगार उन्हाळी कांदा पसरला. काकू म्हणाल्या, "नोकरी सुटली, पण यार्ड काही घरातून जात नाही." नाना म्हणाले, "चार दिवसांत वास बसेल." बसला, उशांमध्ये.

पुढची गोष्ट त्यांच्या भाच्यामुळे झाली. भाचा वाळूजला औषधाच्या कारखान्यात आहे. तो सहज बोलून गेला, की आमच्याकडं ए.एच.यू. असतं, एअर हँडलिंग युनिट. बाहेरची हवा घ्यायची, गाळायची, गार करायची आणि डक्टमधून खोल्याखोल्यांत सोडायची. नाना क्षणभर गप्प झाले. गवत म्हणजे फिल्टर. पंखा म्हणजे ब्लोअर. "मग आपल्यात कमी काय आहे?" कमी फक्त डक्ट होता.

तो त्यांनी निवडणुकीनंतर उतरलेल्या फ्लेक्सचा शिवला. बैठकीच्या कूलरपासून स्वयंपाकघरापर्यंत बारा फुटी नळा, सुतळीनं छताच्या कडीला टांगलेला. बटण दाबलं की उमेदवार हळूहळू फुगत जायचा, हात जोडलेला, गाल टम्म. बंद केलं की चेहरा खाली लोंबायचा. काकूंनी पोळ्या लाटताना आठ दिवस हा पुढारी डोक्यावर सहन केला, नवव्या दिवशी विळी घेतली. तेव्हापासून डक्ट नाही, पण नाव टिकलं. नाना कूलरला कूलर म्हणत नाहीत. पत्र्यावर रंगानं 'ए. एच. यू.' लिहिलंय, खाली 'पिन काढून पाणी भरा'. ही दुसरी ओळ गल्लीतल्या प्रत्येक कूलरवर असावी असं माझं मत आहे.

गल्लीतल्या कुणाचाही कूलर बिघडो, नानांचा पहिला प्रश्न ठरलेला: "समोरची खिडकी उघडी आहे का?" लोक दारं-खिडक्या लावून कूलर चालवतात, ओल कोंडते आणि दोष मोटारीला देतात. "आत आलेली हवा जायला नको का?" मग पाणचक्कीचा दाखला येतो. संभाजीनगरच्या पाणचक्कीत हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचं छत आहे, त्यामुळे भर उन्हाळ्यात आत गारवा. "वीज नव्हती, कंडेन्सर नव्हता. डोकं होतं!" शेवटचा शब्द उच्चारताना ते समोरच्याच्या डोक्याकडे बघतात.

शनिवारी टाकी कोरडी करायची, हा त्यांचा दुसरा कायदा. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो म्हणून नाना बॅटरी घेऊन घरोघरी टाकीत डोकावतात. आमच्याकडे एकदा वळवळणाऱ्या अळ्या सापडल्या, तर त्यांनी त्या वाटीत घेऊन शेजारच्या तीन घरांना दाखवल्या. त्या महिन्यात आमच्याकडे चहाला कुणी आलं नाही.

जूनच्या एका रात्री पाऊस तोंडावर आला होता. हवेत इतकी ओल, की कूलर नुसती चिकट वाफ फेकत होता. अकरा वाजता नानांकडे गेलो. काकू ए.एच.यू.समोर घोरत होत्या. नाना गच्चीवर होते, पोटावर ओला पंचा. रुळांच्या बाजूनं थोडा वारा सुटला होता आणि एक मालगाडी निवांत चालली होती.

"नाना, कूलर चिकट मारतोय."

डोळे न उघडता ते म्हणाले, "समोरची खिडकी?"

"उघडी आहे."

"दार?"

"तेही उघडंच."

मालगाडीचे डबे संपेस्तोवर ते गप्प राहिले. मग पायानं सतरंजीची घडी माझ्याकडे सरकवली. "टाक तिकडं. टाकीकडं नको, तिथं वारं अडतं."