हवाई काका

बंगळुरूतल्या मराठी माणसाला पुणे किती लांब म्हणून विचारा, तो 'एक रात्र' म्हणेल. संध्याकाळी स्लीपर बसमध्ये चढायचं, हुबळी-बेळगाव झोपेत ओलांडायचं आणि साताऱ्याच्या आसपास चहा घ्यायचा. पण इथल्या मराठी घोळक्यात एक तरी हवाई काका असतातच. ते म्हणतात, "720 किलोमीटर. रस्त्याने 840च्या आसपास, पण रस्त्याचं काय घेऊन बसलात!"

काका निवृत्त, मुक्काम इलेक्ट्रॉनिक सिटी. गणपतीच्या आरतीतही डोक्यावरून विमान गेलं की एका हाताने टाळी आणि दुसऱ्या हाताने फोन. कुठलं, कुठे चाललंय, किती उंचीवर, सगळं प्रसादाआधी जाहीर होतं. एखादा भाबडा म्हणालाच की पुण्याची फ्लाइट दीड तासाची, तर काका खुर्ची ओढून घेतात. "तो ब्लॉक टाइम! इथे विमान मागे ढकललं की घड्याळ सुरू, तिथे जागेवर उभं राहिलं की बंद. हवेत जेमतेम तासभर. त्यात पुण्याचा लोहगाव विमानतळ हवाई दलाचा. सुखोईला धावपट्टी हवी असली की आपण थांबायचं."

"आणि घरापासून देवनहळ्ळी?" काकू आतून विचारतात.

"ते शहरातलं अंतर. ते धरत नाहीत."

ते न धरलेलं अंतर पन्नास किलोमीटरच्या वर आहे. एचएएलचा जुना विमानतळ मे 2008 मध्ये नियमित प्रवासी विमानांना बंद झाला आणि सगळा कारभार शहराच्या पार उत्तरेला, देवनहळ्ळीला गेला. काकांच्या हिशेबात तो अजून गेलेला नाही.

दहाचं विमान असलं की काकू पावणेसहाला दाराला कुलूप लावतात. काका बजावतात, "अगं, आठला निघालो तरी चालेल." सिल्क बोर्डला टॅक्सी थबकते. काका फोनवर रेघ ओढून सांगतात, "इतक्या वेळात विमान बदामीवर असतं." हेब्बाळला ड्रायव्हर इंजिनच बंद करतो. "आता मिरजेच्या आसपास." टोलनाका आला, की "उतरलंसुद्धा असतं!"

"मग उतरा," काकू म्हणतात.

पुण्यात उतरून सामान मिळवायचं, लोहगावहून रिक्षा आणि येरवड्याची गर्दी. कोथरूडला मेहुणी दार उघडून विचारते, "किती वेळ लागला हो?"

"दीड तास," काका.

"दुपारचा दीड," काकू भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवतात.

काका खोटं बोलत नाहीत, हे मात्र कबूल केलं पाहिजे. त्यांचा एकही आकडा चुकीचा नसतो. म्हणून बंगळुरूहून पुण्याला निघालात, तर अंतर काकांना विचारा आणि घरातून निघायची वेळ काकूंना.