टोपी, चष्मा आणि खर्रा

आमच्या घरात चार पडदे आहेत. दुकानातला कॉम्प्युटर, माझा फोन, स्वयंपाकघरातला टॅबलेट आणि हॉलमधला टीव्ही. मागच्या दिवाळीत जावई आले आणि त्यांनी चारही एकाच खात्याला जोडून दिले. "बाबा, आता सगळं सिंक झालं," असं म्हणून त्यांनी हात झटकले. मीही मान डोलावली. स्वयंपाकघरातल्या मोरीची बेसिन झाली, बेसिनचं सिंक झालं, इथवरचा प्रवास मला ठाऊक होता. हे त्यापुढचं काही असेल असं समजलो.

ते काय होतं, हे एका सोमवारी रात्री कळलं. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. गांधीबागेत आमचं लुगड्या-धोतरांचं जुनं दुकान आहे आणि हल्ली लुगडी-धोतरं नेसणाऱ्यांपेक्षा ती विकणारेच जास्त उरलेत. त्यामुळे दुपार मोकळी असते. आजूबाजूला कोणी नाही असं बघून मी कॉम्प्युटरवर टाइप केलं, 'खर्रा कसा सोडावा'. दोन-चार पानं वाचली, सुस्कारा सोडला आणि विषय मिटवला. रात्री बायको टॅबलेट पिठाच्या डब्याला टेकवून पाटवडीची कृती बघत होती. बेसन किती, पाणी किती, एवढं होतं न होतं तोच कृतीच्या मधोमध एक हसरा गृहस्थ उगवला. तंबाखू सोडवणाऱ्या च्युइंगमची जाहिरात होती. बारा वर्षांत आमच्या स्वयंपाकघरात तंबाखूचं नावही निघालं नव्हतं.

कारण घरातली अधिकृत परिस्थिती अशी, की मी खर्रा मुलीच्या लग्नातच सोडला आहे. तसं मीच जाहीर केलं होतं, तेही मांडवात, व्याह्यांसमोर.

नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून पानठेलेवाला खसाखसा घोटतो आणि पुडी बांधून हातात देतो, तो खर्रा. राज्यात 2012 साली गुटख्यावर बंदी आली, पण घोटण्याचा तो खसखस आवाज आमच्या गल्लीत अजून सकाळच्या भूपाळीआधी सुरू होतो. सिगारेटच्या पाकिटावर सरकारनं भीतिदायक चित्रं छापली, व्यसन सोडायला मदत करणारा फोन नंबरही छापला. खर्ऱ्याची पन्नी कोरी असते. तिच्यावर चित्र नाही, नाव नाही, गाव नाही. खरं तर गुप्त राहण्याची ही कला पन्नीला कॉम्प्युटरच्या आधीपासून येत होती.

तर जाहिरात उगवली. हिनं ती पाहिली. मी तिला ती पाहताना पाहिलं. मग हिनं बोटानं पडदा वर सरकवला आणि शांत आवाजात वाचलं, "मीठ चवीनुसार."

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या किल्ल्यांशेजारी एक छोटी डबी ठेवलेली होती. आत भाजलेली बडीशेप आणि ओवा. डबीबद्दल ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही.

एखाद्या शहाण्या माणसानं इथेच थांबायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात चोर शिरला होता आणि चोराला दार लागतं. ते दार दाखवलं आमच्याकडे जीएसटीचं रिटर्न भरायला येणाऱ्या पोरानं. मी त्याला विचारलं, की समजा एखाद्या माणसाला, म्हणजे माझ्या मित्राला, काही बघायचं असेल आणि ते घरी कळू द्यायचं नसेल, तर? पोरगा हसला नाही. सीएकडे काम शिकतो, त्यामुळे लोकांची गुपितं ऐकताना चेहरा सरळ ठेवायची सवय असावी. म्हणाला, "काका, मग मित्र इन्कॉग्निटोत काऊन नाही उघडत जी? कंट्रोल, शिफ्ट आणि एन. एकदम दाबा न."

दाबलं. खिडकी काळी झाली आणि तिच्यात एक टोपी आणि एक चष्मा दिसू लागला. टोपीखाली तोंड नव्हतं. मला तो माणूस एकदम ओळखीचा वाटला.

त्या आठवड्यात मी या विद्येत बरीच मजल मारली. फायरफॉक्समध्ये एनच्या जागी पी दाबायचा आणि टोपीऐवजी जांभळा मुखवटा येतो. फोनवर क्रोममध्ये वरच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांना हात लावला की गुप्त टॅब मिळतो. भाचीच्या आयफोनवर सफारी असते, तिच्यात उघड्या टॅबांच्या यादीजवळच खासगी टॅबांचं वेगळं दालन असतं. ही सोय पहिल्यांदा सफारीनंच 2005 साली आणली. क्रोम 2008 मध्ये आलं ते टोपी-चष्मा घालूनच आलं आणि 2009 मध्ये इंटरनेट एक्स्प्लोररनं व फायरफॉक्सनं त्यांची वाट धरली. म्हणजे जगातले सगळे मोठे कारखाने चार-पाच वर्षांत एकाच निष्कर्षाला आले, की माणसाला काही गोष्टी बायकोपासून लपवायच्या असतात. अमेरिकेत तेव्हा असं सांगत, की ही सोय बायकोसाठी भेटवस्तू शोधणाऱ्यांना उपयोगी पडते. असतीलही तसे काही.

एक गोष्ट मात्र ठेच लागूनच कळली. दुकानाच्या कॉम्प्युटरवर टोपी घातली म्हणजे फोनवरही ती आपोआप बसते, असं नाही. चारही पडद्यांवर वेगवेगळी घालावी लागते. आपल्या दुकानाचं शटर पाडलं म्हणून शेजारच्याचं पडत नाही, तसंच. मी दुपारी दुकानात गुप्त आणि रात्री अंथरुणात फोनवर उघड, असा चार दिवस वागत होतो. पाचव्या दिवशी टीव्हीवर भजनांच्या मधे तोच हसरा गृहस्थ आला. ही म्हणाली, "याला आपला पत्ता बरा सापडतो."

दुसरी ठेच दुकानातल्या मुनीमजींसमोर लागली. गुप्त खिडकीतून मी 'तंबाखूमुक्तीचे एकवीस दिवस' असं एक पुस्तक उतरवून घेतलं. खिडकी बंद केली की सगळं पुसलं जातं, अशी माझी समजूत. पुसली जाते ती फक्त आपण कुठे कुठे गेलो त्याची नोंद आणि त्या साइटांनी आपल्या कॉम्प्युटरवर ठेवलेल्या कुकीज. उतरवलेली फाइल जिथल्या तिथे राहते. चोरून इतवारीत जावं, आल्यावर चपला पुसून ठेवाव्यात आणि हातातली पिशवी मात्र ओसरीवर विसरावी, असा तो प्रकार. सकाळी मुनीमजी जीएसटीची फाइल शोधत होते, त्यांना ही पुस्तकाची फाइल सापडली. त्यांनी चष्मा वर केला, नाव वाचलं, खाली केला आणि म्हणाले, "भाऊ, मालेगावच्या पार्टीचं बिल कुठे ठेवलं?"

मग मी त्या काळ्या खिडकीवरची बारीक अक्षरं वाचली. ती वाचायला कोणी जात नाही, पण लिहिलेलं स्पष्ट असतं. तुम्ही ज्या साइटवर गेलात तिला तुम्ही दिसू शकता, नोकरीच्या ठिकाणी असाल तर मालकाला दिसू शकता, इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीलाही दिसू शकता. म्हणजे दिसत नाही कोणाला? फक्त त्याच कॉम्प्युटरवर नंतर बसणाऱ्या माणसाला. घरच्याला.

हे नागपूरकराला वेगळं समजवावं लागत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला, की इथे दुचाकीवरचा प्रत्येक जण गुप्त मोडमध्ये असतो. डोक्याला दुपट्टा, तोंडाला दुपट्टा, डोळ्यांवर गॉगल. अग्रसेन चौकातल्या सिग्नलला उभं राहिलं तर पन्नास टोपी-चष्मेवाले दिसतात. पण तोंड झाकलेलं असलं तरी गाडीचा नंबर उघडाच असतो. "काल दुपारी चितार ओळीकडे कुठे गेली होती गं? गाडी दिसली तुझी." इंटरनेटवर त्या नंबराला आयपी पत्ता म्हणतात. आपण दुपट्टा गुंडाळून निश्चिंत होतो आणि नंबरप्लेट मागे मिरवत जाते.

हा भ्रम माझ्या एकट्याचा नव्हता, याचं मला बरं वाटलं. 2020 साली अमेरिकेतल्या काही लोकांनी गूगलवर दावा लावला, की आम्ही टोपी घातली असतानाही तुम्ही आमची माहिती गोळा केली. मागणी किमान पाच अब्ज डॉलरची होती. 2024 मध्ये तडजोड झाली. गूगलनं अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कबूल केलं आणि क्रोमच्या खिडकीवरची ती बारीक अक्षरंही बदलली. साइट आणि त्या वापरत असलेल्या सेवा, त्यांत गूगलही आलं, माहिती कशी गोळा करतात त्यात या टोपीनं फरक पडत नाही, असं आता तिथे सांगितलेलं असतं. माझा खर्रा कॅलिफोर्नियाला कळलेला चालतो, ओसरीवर कळला तर पंचाईत, हे माझं गणित त्या दाव्यात कुठे बसत नव्हतं.

गुपित राखण्याच्या बाबतीत आमचा विदर्भ तसा जुना आहे. रिद्धपूरच्या महानुभाव पंथीयांनी आपल्या पोथ्या परक्यांच्या हाती लागू नयेत म्हणून चौदाव्या शतकात सांकेतिक लिप्या केल्या. सकळ लिपी, सुंदरी लिपी अशी त्यांची सुंदर नावं. शतकानुशतकं त्या टिकल्या. मग इतिहासाचार्य राजवाडे आले आणि त्यांनी सकळ लिपी उकलून ठेवली. कुलूप कितीही चांगलं असलं, तरी एक ना एक दिवस राजवाडे येतातच.

दुसरी एक रीत मात्र कोणाला उकलावी लागली नाही. माझे आजोबा बैल घ्यायला बाजाराला जायचे, तेव्हा भाव तोंडानं ठरत नसे. दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हात घालत आणि बोटं दाबून आकडा सांगत. भोवती वीस माणसं उभी असत. रुमालाखाली काय चाललंय हे प्रत्येकाला माहीत असे, पण रुमाल उचलून बघणारा कोणी निघत नसे. तो दीड वीत कापडाचा तुकडा झाकत काहीच नव्हता. झाकत होती ती त्या वीस माणसांची नजर.

ही झाली बाजाराची रीत. कायद्याचं म्हणाल, तर खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमतानं सांगितलं. त्या नवांमध्ये आमच्या नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडे होते. त्यांनी आपल्या निकालपत्रात गृह्यसूत्रांचा आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्राचा दाखला दिला. घर कसं बांधावं म्हणजे आतल्यांचा आडोसा राहील, मालकाच्या संमतीवाचून कोणी परक्या घरात शिरू नये, हे आपल्याकडे फार पूर्वी लिहून ठेवलेलं आहे. मी ते वाचलं आणि खिडकीबाहेर बघितलं. गांधीबागेत आमच्या खिडकीतून समोरच्यांची खिडकी अडीच हातांवर आहे. त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या आम्ही मोजतो आणि आमच्या ते. शिवाय डिसेंबर 2022 मध्ये सेंट्रल एव्हेन्यूवरून मेट्रो धावू लागल्यापासून गच्चीवर वाळत घातलेल्या बनियनींचंही काही खासगी उरलेलं नाही. तरी या अडीच हातांत आम्ही पन्नास वर्षं अब्रूनं राहिलो. समोरच्यांच्या घरात भांडण झालं, की आमच्याकडे रेडिओ मोठा व्हायचा. आमच्याकडे झालं, की त्यांच्याकडे. हा कायदा कोणी लिहिलेला नव्हता.

आमचा पानठेलेवाला तो कायदा अजून पाळतो. मी एकटा दिसलो की त्याचा हात न सांगता पन्नीकडे जातो. हिच्यासोबत दिसलो की तोच हात काताच्या भांड्याकडे वळतो आणि तो विचारतो, "वहिनी, मीठा पान लावू का जी?" खोटं तो बोलत नाही. फक्त विचारायचा प्रश्न बदलतो.

हे लक्षात आल्यापासून मला ती काळी खिडकी केविलवाणी वाटू लागली आहे. ती आपल्या बाजूनं सगळं विसरते, पण विसरणं म्हणजे राखणं नव्हे. राखायला ते आधी माहीत असावं लागतं. हिला माहीत होतं, मुनीमजींना माहीत होतं, ठेलेवाल्याला तर पुडीनिशी माहीत होतं. माझं गुपित ज्यांनी सांभाळलं, त्यांच्यापासूनच मी ते तीन बटणं दाबून लपवत होतो.

गेल्या शुक्रवारी टॅबलेटची बॅटरी संपत आली होती म्हणून तो चार्जिंगला लावायला उचलला. पडद्याच्या वरच्या पट्टीत एक इवलीशी टोपी आणि चष्मा होता. गुप्त टॅब उघडे राहिले की ते चिन्ह तिथे बसून असतं. टॅबलेट मी हातात धरत नाही आणि नातवंडं सुट्टीशिवाय येत नाहीत. म्हणजे टोपी हिची होती. माझं बोट त्या पट्टीपाशी गेलं. खोटं कशाला बोलू, क्षणभर तिथे थांबलंही. मग मी वायर लावली, टॅबलेट पालथा ठेवला आणि आत जाऊन चहा टाकला. तिला आलं जास्त लागतं, ते जास्त घातलं.

परवा दुकानात, भर दुपारी, सिगारेटच्या पाकिटावरून उतरवून घेतलेला तो नंबर लावला. 1800-11-2356. पैसे लागत नाहीत. पलीकडून विचारलं, किती वर्षांपासून खाता, दिवसाला किती. मी मोठ्यानं खरं सांगितलं. मुनीमजी समोरच बसले होते. त्यांनी कालची बेरीज पुन्हा एकदा करायला घेतली.