बर्फाचा जमाखर्च

सह्याद्रीत डोंगर चढताना माणूस घाम गाळतो आणि उतरताना देवाचे आभार मानतो. आल्प्समध्ये चढायचे पैसे भरून पाळण्यात बसतात, आणि उतरण्याचं जे काम आपल्याकडे गुरुत्वाकर्षण फुकटात करून देतं, त्यासाठी शिकवणी लावतात. या उफराट्या व्यवहाराचं अंदाजपत्रक करायचं काम घरात माझ्याकडे आलं. सांगलीच्या एका बँकेत मी जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले. त्या अनुभवाचं काहीतरी चीज व्हावं, असं जावयाला फार वाटतं.

लेक-जावई म्युनिकला असतात. आम्ही दोघं हिवाळ्यात त्यांच्याकडे गेलो, कारण हिवाळ्यात विमान स्वस्त. व्हिसाचे माणशी ९० युरो मी सहलीच्या खात्यात धरले नाहीत, भांडवली खर्चात टाकले. फेब्रुवारीत बव्हेरियातल्या शाळांना आठवडाभर सुट्टी असते. जावई म्हणाला, "बाबा, चार दिवस स्कीइंगला जाऊन येऊ. फार खर्च नाही. ऑस्ट्रिया आहे, स्वित्झर्लंड थोडंच आहे!"

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे ज्या ज्या वेळी पाकिटातून नोट बाहेर आली, त्या त्या वेळी आधी हे वाक्य बाहेर आलं. स्वित्झर्लंड जगात कशासाठी आहे याबद्दल निरनिराळी मतं आहेत. माझ्या मते शेजारच्या देशांना स्वस्त वाटता यावं म्हणून.

चार दिवसांची बोलणी सात रात्रींवर मिटली. सुट्टीच्या दिवसांत तिथली घरं बहुतेक शनिवार ते शनिवारच देतात. मधल्याच बुधवारी उगवणाऱ्या पाहुण्याला कोणी दारात उभं करत नाही. तेच घर जानेवारीच्या मधल्या आठवड्यात बरंच खाली मिळतं. नाताळची गर्दी ओसरलेली असते, शाळा सुरू असतात आणि बर्फही भरपूर असतो. पण शाळा सुरू असतात म्हणजे आमचा नातूही शाळेत असतो. जर्मनीत सुट्टी नसताना मूल सहलीला नेलं तर दंड होऊ शकतो. हा दंड भाड्याच्या फरकापेक्षा कमी भरतो का, हे जावयानं मोबाइलवर बघायला घेतलं होतं. लेकीनं नुसतं बघितलं, आणि तो तपास बंद पडला.

या सगळ्या धंद्याची सुरुवात म्हणे एका पैजेनं झाली. १८६४ साली सेंट मोरित्झच्या योहानेस बाद्रुट नावाच्या हॉटेलवाल्यानं उन्हाळ्यात आलेल्या इंग्रज पाहुण्यांना सांगितलं, हिवाळ्यात या. ऊन पडलं नाही तर येण्याजाण्याचा खर्च माझा. पाहुणे आले आणि वसंतापर्यंत हललेच नाहीत, अशी गोष्ट सांगतात. यजमानानं खर्च उचलायची तयारी दाखवल्याचं या क्षेत्रातलं माझ्या माहितीतलं हे एकच उदाहरण, आणि त्यातही तो त्याला उचलावा लागला नाही. खांबांमधून नागमोडी उतरायचा आधुनिक स्लालम १९२२ साली म्युरेनला सुरू करणारा आर्नल्ड लन तर १८८८ साली मद्रासला जन्मलेला. हा दाखला जावयानं आम्हाला मुद्दाम दिला; स्कीइंग हे आपलं काम नव्हे, असं आम्ही म्हणू नये म्हणून. हिनं शांतपणे विचारलं, "मग तो तिथे जेवायचा काय?"

हा प्रश्न तिनं विचारला तेव्हाच मला कळायला हवं होतं की गाडीच्या डिकीत स्कीपेक्षा डबे जास्त असणार. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, दोन किलो पोहे. पुढे याच डब्यांनी आम्हाला तारलं. ऑस्ट्रियात बहुतेक दुकानं शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत बंद होतात आणि रविवारी उघडतच नाहीत. आम्ही गावात पोचलो ते शनिवारी साडेसहाला. शेजारच्या घरातलं डच कुटुंब रात्री बिस्किटं खात बसलं होतं. हिनं त्यांना थालीपीठ पाठवलं. ते मी 'जनसंपर्क' या सदरात घातलं.

पण पोचायच्या आधी टोल. आम्हाला जायचं होतं टिरोलमध्ये, विल्डर कायझर या सुळक्यांच्या रांगेखालच्या एलमाऊ गावाला. ऑस्ट्रियाच्या महामार्गावर गाडी घालायची तर 'विन्येट' घ्यावं लागतं, दहा दिवसांचं बारा-तेरा युरोंना. मात्र सीमेपासून कूफश्टाइनच्या दक्षिणेकडच्या फाट्यापर्यंतचा तुकडा डिसेंबर २०१९ पासून माफ आहे, आणि एलमाऊला नेमकं त्याच फाट्यावर उतरायचं असतं. माफीचं कारण मोठं गोड आहे. टोल चुकवण्यासाठी गाड्या सीमेआधीच महामार्ग सोडून कूफश्टाइन शहरातून घुसायच्या, आणि सुट्टीच्या शनिवारी तिथल्या लोकांना स्वतःच्या गल्लीतून बाहेर पडणं मुश्कील व्हायचं. शेवटी सरकारनंच हात टेकले. छपरावर हजार युरोंच्या स्की बांधून, लाखाच्या गाडीतून बारा युरो वाचवायला गल्लीबोळांतून जाणारी ती माणसं मला एकदम सख्खी वाटली. परदेशात आपली माणसं भेटली की बरं वाटतं.

जावयानं टोल वाचवला. मग त्या फुकट तुकड्यावर, इतर सगळ्यांबरोबर, आम्ही तासभर जागचे हललो नाही. नातीला तहान लागली, नातवाला त्याच्या उलट काही लागलं, पेट्रोल पंपावर थांबलो, सगळ्यांनी गरम चॉकलेट घेतलं. टोलाएवढीच रक्कम झाली, वर थोडी. ती गेली 'किरकोळ'मध्ये.

किरकोळ या सदराबद्दल थोडं बोललं पाहिजे. घर, पास, भाड्याची स्की, शिकवणी हे चार आकडे सगळ्यांना माहीत असतात. घाबरायचं ते त्यांनाच घाबरून लोक मोकळे होतात. आमच्या अंदाजपत्रकात किरकोळसाठी जावयानं शंभर युरो ठेवले होते. घराचा ताबा घेतानाच त्यातले बरेचसे संपले. गावात झोपण्याचा कर, दर माणशी दर रात्री. पासाच्या कार्डाचं डिपॉझिट. लेकीला सनस्क्रीन, कारण बर्फावरून परतलेलं ऊन हनुवटीखालूनही भाजतं, आणि आणलेली बाटली म्युनिकच्या बाथरूममध्ये सुखरूप होती. नातीचा एक हातमोजा. एकच हरवला होता. दुकानदार एकच देईना.

आता पास. मोठ्या माणसाला दिवसाचे सत्तर युरोंच्या आसपास, सहा दिवसांचे साडेतीनशेच्या घरात, मुलांना साधारण निम्मे. सहा वर्षांखालच्यांना बहुतेक ठिकाणी फुकट; आमची नात पाच वर्षांची असल्याबद्दल मी तिचं जाहीर अभिनंदन केलं. युरोनं शंभरी ओलांडल्यापासून रुपयांत हिशेब करणं फार सोपं झालंय, नुसती दोन शून्यं लावायची. सोपं झालं म्हणून सोसवतं असं नाही. मी खिडकीतल्या मुलीला विचारलं, एवढे कशाचे? तिनं डोंगराकडे हात केला. खरं म्हणजे तिनं हात करायला हवा होता तो डोंगराच्या पोटात पुरलेल्या पाइपांकडे. देवाच्या बर्फावर तिथे आता कोणी विसंबत नाही. उंचावर तळी बांधून पाणी साठवतात, पारा शून्याखाली दोन-तीन अंश घसरला की तोफांतून ते पाणी हवेत उडवतात, त्याचा बर्फ पडतो. मग रात्रभर पट्ट्यांच्या चाकांची यंत्रं फिरून तो दाबतात, विंचरतात. सकाळी आपण जातो तेव्हा सगळं निसर्गरम्य असतं. पाण्याला, विजेला, डिझेलला पैसे पडतात आणि ते पडणाऱ्यांकडूनच वसूल करावे लागतात.

लेकीला स्कीइंग येतं. जावयाला येत नाही, पण महत्त्वाकांक्षा आहे. त्यानं स्वतःसाठी सबंध प्रदेशाचा पास घेतला: पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास उतरणी, ऐंशीहून जास्त लिफ्ट. शिकाऊंसाठी पायथ्याच्या छोट्या लिफ्टचं वेगळं, स्वस्त तिकीट मिळतं. मी त्याच्याकडे बोट दाखवलं होतं. "बाबा, तिसऱ्या दिवशी मी वरच असणार," तो म्हणाला. आठवडाभर तो ज्यावर होता त्याला जादूचा गालिचा म्हणतात. हा जमिनीलगत सरकणारा रबरी पट्टा; त्यावर उभं राहायचं, साठेक मीटर वर जायचं, आणि तेवढंच खाली यायचं. त्याच्या पुढेमागे चार-पाच वर्षांची मुलं असत. वरून कोणी घसरत आलं की बाई ओरडायच्या, "पिझ्झा! पिझ्झा!" म्हणजे स्कीची टोकं जवळ आणि मागची बाजू फाकवून त्रिकोण करायचा, वेग मरतो. मुलं पिझ्झा करून थांबत. जावई शिक्षिकेला धरून थांबे. दुसऱ्या दिवशी नात त्याला समजावताना ऐकलं, "बाबा, तू चपाती करतोयस."

मी संध्याकाळी पासाची रक्कम त्याच्या घसरलेल्या मीटरांनी भागली. उत्तर त्याला सांगितलं नाही, जावई आहे. पण त्यालाही मनातून लागलं असावं, कारण पास वसूल करायचा म्हणून शेवटच्या दिवशी तो गोंडोलातून शिखरावर गेला, स्की हातात धरून फोटो काढला, आणि गोंडोलातूनच खाली आला.

आम्ही म्हातारी माणसं स्की करणार नव्हतो, सबब आमचा खर्च शून्य, असं अंदाजपत्रकात स्पष्ट लिहिलं होतं. पण नातवंडांचं कौतुक बघायला वर तर गेलं पाहिजे. पायी फिरणाऱ्यांना वेगळं तिकीट असतं, जातायेताचं. स्की करणारे निदान उतरतात स्वतःच्या हिमतीवर. आम्ही उतरायचेही पैसे भरले. वर लाकडी उपाहारगृह, समोर पांढरेशुभ्र डोंगर, आणि खाद्ययादीत सगळीकडे डुक्कर. शाकाहारी म्हणून जे आलं त्याचं नाव गेर्मक्न्योडेल. कळ्या पाडायच्या आधीच दमून बशीत बसलेला एक अजस्र मोदक: आत आलुबुखाराचं सारण, वर खसखस, भोवती व्हॅनिलाचं दूध. हिनं एक घास खाल्ला, डोळे मिटले आणि म्हणाली, "वेलदोडा विसरले." किंमत विचारली नाही. बिल आल्यावर जावयानं स्वित्झर्लंडची आठवण काढली. सोबत मागितलेल्या साध्या पाण्याचेही पैसे लावले होते, बाहेर नजर जाईल तिथवर तेच गोठून पडलेलं असताना.

अधूनमधून डोक्यावरून हेलिकॉप्टर जाई. जखमी माणसाला उचलून नेण्याचं बिल काही हजार युरोंचं होऊ शकतं, आणि साधा आरोग्यविमा ते बरेचदा उचलत नाही. आमच्या भारतातून काढलेल्या प्रवासविम्यात तर बारीक अक्षरांत 'हिवाळी खेळ वगळून' असं होतं. अशा वेळी शहाणी माणसं ऑस्ट्रियाच्या आल्पेनफेराइनचं, म्हणजे तिथल्या गिर्यारोहण संघाचं, सभासदत्व घेतात. वर्गणीत बचावाच्या खर्चाचा २५,००० युरोपर्यंतचा विमा येतो. अख्ख्या सहलीतला हा एकच खर्च मी स्वतः आग्रह धरून करवला. हेलिकॉप्टर दिसलं की मी आपोआप आकडा पुटपुटे. ही मात्र हात जोडायची. "कुणाचं कोण असेल बिचारं," म्हणायची, आणि मला उगाचच ओशाळं वाटायचं.

शुक्रवारी स्कीच्या शाळेची शर्यत झाली. नातीचा पहिल्या पाचात नंबर आला. सगळ्यांनाच पदक होतं. पदक फुकट, पदकासहित फोटो विकत. तो फोटो घेतला नाही असे आजोबा मला तिथे दिसले नाहीत.

राहिली घराची साफसफाई. निघताना घर साफ करण्याचे पैसे भाड्यावर आधीच घेतात, आणि ते चांगले तीन आकडी असतात. मी हिला चारचारदा सांगितलं, पैसे भरलेत, हात लावू नकोस. "उद्या ती बाई येऊन म्हणेल, भारतातली माणसं अशी ठेवतात घर," म्हणून हिनं रात्री दहाला लादी पुसायला घेतली. लेकीनं शेगडी घासली. मी भांडी पुसली, दरानं भागाकार करत. सकाळी मालकीणबाई आल्या, स्वयंपाकघर बघितलं आणि विचारलं, तुम्ही इथे स्वयंपाक केलाच नाही का? मग त्यांनी नाक वर करून वास घेतला, फोडणीचा तो वास अजून पडद्यांत होता, आणि हसल्या. पैसे काही परत केले नाहीत. पण आत जाऊन घरी केलेल्या जॅमची एक बरणी आणून हिच्या हातात दिली.

मी वही उघडली. आठवडाभरात जमेच्या बाजूला पहिलीच नोंद होत होती. तोवर हिनं उरलेल्या गोड्या मसाल्याचा डबा त्यांना देऊनही टाकला होता. कुणी काही दिल्यावर त्याला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं? डबा स्टीलचा होता, झाकणावर आमचं नाव कोरलेला.