दोन वर्षांत नर्स!

"ओ सिस्टर, आहात का घरात?" कुंपणापलीकडून काकींची हाक आली की समजावं, मोड आलेले वाल सोलायला घेतलेत आणि ऐकायला कोणी नाही. सरकारी दवाखान्यातून निवृत्त होऊन मी निडीत परतले, तरी गाव मला सिस्टरच म्हणतं. पाट घेऊन कुंपणाशी बसले. त्यांनी अर्धे वाल माझ्या ताटलीत ओतले आणि बातमी सांगितली.

"आमची भाचेसून इंग्लंडात नर्स होतेय! इथली बीएस्सी, बँकेत होती चांगली. आता म्हणे एमएस्सी करून नर्स. एमएस्सी करून कोण नर्स होतं हो? आणि तीही मोठ्या माणसांची नर्स. मग पोराटोरांना कोण बघणार?"

"पोरांची वेगळी असते, काकी. तिकडे चार शाखा आहेत. मोठी माणसं, लहान मुलं, मानसिक आजार आणि बौद्धिक अक्षमता. प्रवेश घेतानाच शाखा ठरवायची. आपल्याकडे जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी, झालेली बाई बाळंतपणापासून म्हातारपणापर्यंत सगळं बघते."

"म्हणजे तुमच्यासारखी."

"माझ्यासारखी. आणि वॉर्डात साठ पेशंट असले तरी एकटी."

काकी हसल्या. मग मुद्द्यावर आल्या. "पण दोन वर्षांत होतं कसं? तुम्हाला तर साडेतीन लागली होती."

तेव्हा जीएनएम साडेतीन वर्षांचंच होतं. आता ते तीन वर्षांचं आहे, बीएस्सी नर्सिंग चार. इंग्लंडातही नर्सिंगची साधी पदवी तीन वर्षांची, एकूण 4600 तासांची. त्यातले 2300 तास वर्गात आणि 2300 तास रुग्णापाशी. हातात आधीच एखादी पदवी असेल आणि रुग्णसेवेचा अनुभव असेल, तर विद्यापीठ ते सगळं तपासून काही तास झाल्यासारखे धरतं. म्हणून तीन वर्षांचं दोनवर येतं. अमेरिकेत तर पदवीधरांसाठी वर्ष-दीड वर्षाचे कोर्स आहेत.

"बँकेत बसून नर्सिंगचा अभ्यास झाला होय!"

"बँकेत नाही झाला. पण बीएस्सीला सूक्ष्मजीवशास्त्र शिकली ना ती? आणि मध्यंतरी वृद्धाश्रमात काम करत होती, तुम्हीच तेव्हा नाक मुरडलं होतंत."

"मग, घरात सासू-सासरे नाय का, परक्यांचं कशाला करायचं!"

"ते परक्यांचं केलेलंच आता कामाला आलं. आणि दोन वर्षं म्हणजे सोपं समजू नका. आठवड्याला चाळीस तास धरले तरी 2300 तासांचे सत्तावन्न-अठ्ठावन्न आठवडे होतात. त्यातले काही आधी झालेले धरले तरी दोन वर्षांतला मोठा भाग वॉर्डात जातो. रात्रपाळ्या, रविवार, सगळं आलं. वर प्रबंध लिहायचा तो वेगळा."

"तेवढं वॉर्डात काय करतात?"

मी त्यांना काकांचीच आठवण करून दिली. अर्धांगाचा झटका आल्यावर काका सहा महिने अंथरुणाला होते. दर दोन तासांनी कूस बदला, एवढं तर कोणीही सांगेल. पण माकडहाडावर आणि टाचेवर लाली दिसली तर बोटाने दाबून बघायचं. बोट उचलल्यावर जागा पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर ठीक. दाबूनही लाली हटत नसेल तर जखम सुरू झाली, कातडी शाबूत दिसली तरी. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही, मग तिथे हात लावून गरम लागतं का, कडक लागतं का, ते बघायचं. पुस्तकात हे चार ओळींत येतं. हाताला कळायला मात्र पन्नास माणसांच्या पाठी बघाव्या लागतात.

"बघितलंय हो," काकी म्हणाल्या. "तुम्ही टाच दाबलीत आणि लगेच उशी सरकवलीत."

थोडा वेळ नुसतेच वाल सोलले गेले. मग काकींनी मनातलं काढलं. नात रोह्याला केमिस्ट्रीत बीएस्सी झाली, धाटावच्या एका कंपनीत लॅबमध्ये लागली. रोज मेमू गाडीने नाहीतर रिक्षाने ये-जा. तिला नर्स व्हायचंय. "मग तिलाही करू दे ना दोन वर्षांची एमएस्सी, इथेच."

"इथे तशी सोय नाही, काकी. आपल्याकडे एमएस्सी नर्सिंग आहे, तीही दोनच वर्षांची. पण तिला आधी बीएस्सी नर्सिंग लागतं आणि वर वर्षभराचा अनुभव. केमिस्ट्रीची बीएस्सी तिथे चालत नाही. तुमच्या नातीला बारावीच्या आधारावर जीएनएमला बसावं लागेल, सतरा-अठरा वर्षांच्या मुलींच्या शेजारी."

"म्हणजे तीन वर्षं कॉलेजात घासली ती गेली पाण्यात?"

"प्रवेशापुरती गेलीच. औषधांचं गणित आणि शरीरातलं रसायन तिला सोपं जाईल, पण वर्ष एकही कमी होणार नाही. वयाची चिंता नको, जीएनएमला पस्तिशीपर्यंत घेतात. बीएस्सी नर्सिंग हवं तर सीईटी आहे आणि बारावीला बायोलॉजी हवी."

"आणि तो बोर्ड लागलाय तो? सहा महिन्यांत नर्स, नोकरीची हमी?"

हा बोर्ड तालुक्याच्या कुठल्याही नाक्यावर बघायला मिळतो. असल्या कोर्सला रुग्णाची उठबस करायला शिकवतात. ते काम वाईट नाही, पण त्या सर्टिफिकेटवर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी होत नाही. नोंदणी नाही तर सरकारी भरती नाही आणि परदेशाचं तर नावच नको.

"मग सरळ इंग्लंडला पाठवू का? भाचेसुनेला म्हणे सरकार वर्षाला पाच हजार पौंड देतं, फेडायचेही नाहीत."

"ते तिकडे कायमच्या राहणाऱ्यांना. इथून गेलेल्या मुलीला ते मिळत नाहीत, उलट परदेशी विद्यार्थ्याची दामदुप्पट फी. त्यापेक्षा इथे जीएनएम करून, नोंदणी करून, इंग्रजीची परीक्षा आणि तिकडच्या नर्सिंग कौन्सिलच्या दोन परीक्षा दिल्या तरी तिकडे नर्स होता येतं. आपल्या किती मुली तशाच गेल्या."

काकींना अजून एक बोचत होतं. "पण लोक काय म्हणतील? कंपनीची नोकरी सोडून नर्स?"

"लोक 1909 सालीही म्हणतच होते. रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन काढलं आणि बायकांना ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला धाडलं. त्यांत विधवा होत्या, घरात कोपऱ्यात बसवलेल्या. चांगल्या घरच्या बाईने परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा म्हणजे त्या काळात केवढा गहजब! तरी त्या शिकल्या आणि स्वतःच्या पगारावर जगल्या."

"तुमच्या वेळीही माझ्या सासूबाई बोलल्या होत्या," काकी हळूच म्हणाल्या.

"आणि त्यांच्या शेवटच्या आजारात सलाईन मीच लावलं."

माझं मत मी काकींना सांगितलं, तेच इथे सांगते. पदवीधर मुलींसाठी छोटा रस्ता आपल्याकडेही निघायला हवा. वर्गातले तास खुशाल कमी करा, रुग्णापाशी घालवायचे तास मात्र एकही कमी करू नका. तो रस्ता निघेपर्यंत तीन वर्षांचं जीएनएम हाच खरा मार्ग. आणि ज्यांच्या घरात अशी मुलगी किंवा मुलगा आहे, त्यांनी फीचा पहिला रुपया भरण्याआधी संस्थेचं नाव नर्सिंग कौन्सिलच्या यादीत आहे का, ते स्वतः बघावं. यादीत नसेल तर बोर्ड कितीही मोठा असो, त्या दारात जाऊ नये.