कुणी हात लावलाता?

गिटारी विकणारी दुकानं हमरस्त्यावर असतात, काचेआड, झगझगीत दिव्यांत. त्या दुरुस्त करणारा मात्र कुठल्या तरी जिन्याखाली सापडतो. आमचे मास्तर पुण्यात एका पेठेत, जुन्या वाड्याच्या जिन्याखालच्या खोलीत बसतात. पाटी नाही. "अडलेला येतो विचारत," असं त्यांचं धोरण, आणि खरंच येतो. पाठीवर काळी पिशवी घेतलेला माणूस दिसला की बोळाच्या तोंडाशी बसलेला इस्त्रीवाला न विचारताच हात करतो, "सरळ आत, डावीकडं. डोकं सांभाळा." डोकं तरीही आपटतंच. आतून मास्तर, मान वर न करता, "बसा" म्हणतात.

बसायला जागा नसते. भिंतीवर माना अडकवलेल्या गिटारी, कोपऱ्यात भोपळ्याला तडा गेलेला तंबोरा, एका स्टुलावर सरसाचं भांडं, दुसऱ्या स्टुलावर कुणाच्या तरी लहानपणीचं मेंडोलिन. सगळ्या खोलीला स्पिरिट, चपडा आणि कालच्या चहाचा वास. तुम्ही अर्धवट उभे, अर्धवट टेकलेले. मास्तर हातातली कानस खाली ठेवतात, ती नेमकी कुठे ठेवली ते विसरतात आणि मग तुमच्याकडे बघतात. म्हणजे तुमच्याकडे नाही, पिशवीकडे.

गिटार बाहेर निघाली की ती वाजवायची नसते. आधी भोकाला नाक लावून वास. मग पाठीवर बोटाच्या पेरानं टकटक, या टोकापासून त्या टोकापर्यंत; आतली पट्टी सुटलेली असली तर आवाज बद्द येतो म्हणे. मग गिटार उलटी धरून गदागदा हलवायची. आतून काय काय पडतं! प्लेक्ट्रम तर हमखास. शिवाय केसांच्या पिना, उदबत्तीची काडी, पाच रुपयांचं नाणं, वाळकं झुरळ. एकदा सिनेमाची दोन तिकिटं पडली होती, शेजारशेजारच्या खुर्च्यांची. बरोबर आलेल्या बायकोनं ती निरखून पाहिली आणि नवऱ्यानं छताकडे. प्लेक्ट्रम मास्तर लोणच्याच्या बरणीत टाकतात. ही बरणी आता काठोकाठ भरली आहे. त्यातलं एक जरी मागितलं तरी "आता ते हिथलं" असं उत्तर मिळतं.

यानंतर मुख्य विधी. गिटार बंदुकीसारखी डोळ्याला लावून, दुसरा डोळा मिटून, ट्यूबलाइटच्या दिशेनं मानेवरून नजर टाकायची. हे बराच वेळ चालतं. इस्पितळात एक्स-रे उजेडाला धरणाऱ्या डॉक्टरांसमोर जसं वाटतं तसं इथे वाटू लागतं. आणि मग तो प्रश्न येतो.

"कुणी हात लावलाता?"

याला बरोबर उत्तर नाही. "कुणीच नाही" म्हटलं तर "तेच तर!" आणि "हो, एकांनी जरा ठीक केली होती" म्हटलं तर "तरीच!" मास्तरांच्या मते जगात दोनच प्रकारची वाद्यं आहेत, कुणी हात न लावल्यानं बिघडलेली आणि कुणी तरी हात लावल्यानं बिघडलेली. मागच्या कारागिराचा उद्धार केल्याशिवाय ते स्क्रूड्रायव्हर उचलत नाहीत. एकदा अशाच एका गिटारीचं नट, म्हणजे मानेच्या टोकाची खाचांची पट्टी, पाहून त्यांनी त्या अज्ञात इसमाची, त्याच्या कानशीची आणि त्याला शिकवणाऱ्याची मनसोक्त हजेरी घेतली. नट उपटलं तर खाली लाकडावर पेन्सिलीनं मास्तरांचीच खूण! क्षणभर शांतता. मग म्हणाले, "तवा लाकूड येगळं हुतं."

तसे ते मूळचे गिटारीचे नव्हेत. पोरवयात मिरजेच्या सतारमेकर गल्लीत हाताखाली राहिलेले. त्या गल्लीची कहाणी प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ऐकावी लागते, आणि मला विचाराल तर ऐकण्यासारखी आहे. तिथले सतारमेकर मूळचे हत्यारांना धार लावणारे, पाणी देणारे शिकलगार. तलवारींचा जमाना सरला, हाताला काम उरेना. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांच्या दरबारात गाणं-बजावणं होतंच. तेव्हा १८५०च्या सुमारास त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी तंबोरे-सतारी दुरुस्त करता करता नव्या बनवायला घेतल्या. पंढरपूरकडचे भोपळे, तुणीचं लाकूड. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं त्याचं वर्तमानपत्रातलं कात्रण मास्तरांनी भिंतीला चिकटवलंय, तेही खास वाद्यांच्या सरसानं. आता ते निघणं नाही.

त्यामुळे गिटारीची अख्खी शरीररचना इथे मिरजेच्या भाषेत चालते. फ्रेट म्हणजे पडदा, पेग म्हणजे खुंटी, ब्रिज म्हणजे घोडी. कॉलेजातली पोरं "सेटअप करायचाय" म्हणतात, मास्तर "जवारी बघू" म्हणतात, आणि काम दोघांच्या मनातलंच होतं. गिटार हे विलायती वाद्य, आपल्या संगीताशी त्याचा काय संबंध, असं चुकून कुणी बोललाच तर गिटारवादक ब्रिजभूषण काबरा ऐकलेत का, असा उलटा सवाल येतो. त्यांची १९६७ची ध्वनिमुद्रिका 'कॉल ऑफ द व्हॅली' ऐकून या, मग बोला. शिवकुमार शर्मांचं संतूर आणि हरिप्रसादांची बासरी सगळ्यांच्या ध्यानात राहते, मधल्या गिटारीचं मात्र कुणी नाव घेत नाही, हे मास्तरांचं खरंखुरं दुःख आहे.

माणसाची पारख ते गिटारीवरून करतात. चेहरा पाहायची गरजच नसते. पितळी-रुपेरी पडद्यांवर तारेनं पाडलेल्या खाचा त्यांना हातावरच्या रेषांसारख्या वाचता येतात. एक पोरगा आला, कानात बाळी, टी-शर्टवर कवटी. सांगू लागला की मी मुख्यतः लीड वाजवतो. मास्तरांनी पहिल्या तीन पडद्यांवरून अंगठा फिरवला. दुसऱ्या तारेखाली पहिल्या पडद्यावर खड्डा, तिसरीखाली दुसऱ्यावर. मग बाराव्या पडद्यावर अंगठा नेला. "हिथं अजून कारखान्याचं पॉलिश हाय की रं बाळ." पोरगा कवटीसकट लाल झाला. तारा गंजलेल्या दिसल्या तर घाम फार येतो, पुसत नाही, आळशी. तारा कोऱ्या करकरीत तर वाजवतच नाही, त्याहून आळशी. पाठीवर पट्ट्याच्या बक्कलाचे ओरखडे असले तर "आरशासमोर उभं ऱ्हाऊन वाजवतोय." माझ्या गिटारीकडे पाहून ते नुसतेच हसले होते. निदान मी विचारलं नाही.

काम करताना मात्र या बडबड्या माणसाची वाचा बसते. पहिला पडदा एका हातानं दाबायचा, चौदावा दुसऱ्या हाताच्या कोपरानं की कशानं तरी, आणि मधोमध तारेवर हलकेच टिचकी. तार आणि पडद्यामध्ये पोस्टकार्ड जाईल एवढी फट हवी. जास्त असली तर मान पुढं वाकली, नसलीच तर मागं गेली. मानेच्या पोटात लोखंडी सळई असते. गिब्सन कंपनीनं ती युक्ती १९२०च्या दशकात काढली. त्या सळईचा नट ॲलन कीनं पाव फेरा फिरवायचा, बस. मग बाराव्या पडद्यावर तारेची उंची. ती एक मिलिमीटर उतरवायची तर घोडीवरचं हाड दोन मिलिमीटर घासावं लागतं, कारण बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर. हे गणित मास्तर कागदावर करत नाहीत. हाडावर पेन्सिलीची रेघ मारतात, टेबलाला चिकटवलेल्या पॉलिशपेपरवर ते हाड पुढे-मागे, पुढे-मागे घासतात, फुंकर मारतात, डोळ्याजवळ नेतात, आणखी दोनदा घासतात. रेघ पुसली जाते तिथे हात थांबतो. ते पाहताना मीसुद्धा श्वास रोखून धरतो, कारण घासलेलं हाड परत वाढत नाही.

आणि मग, आता झालंच असं वाटत असताना, ते गिटार भिंतीला अडकवतात. "ऱ्हाऊ द्या हिथं. बुधवारी या."

या बुधवारानं पुण्यातल्या कित्येक होतकरू वादकांची कारकीर्द गिळली आहे. बुधवारी गेलं तर "मान बसली नाही अजून." पुढल्या बुधवारी "सरस वाळला नाही, हवा बघा की." त्यापुढच्या बुधवारी मास्तर मिरजेला. रागावून तरी किती रागवायचं? सळई फिरवल्यावर मानेला रात्रभर स्वस्थ राहू द्यावं लागतं हे खरंच आहे. सुटलेली घोडी चिकटवल्यावर शिकंजा चोवीस तास तरी काढता येत नाही, कारण सहा पोलादी तारांची ओढ सत्तर किलोच्या आसपास असते आणि ती सगळी त्या बोटभर लाकडावर. पावसाळ्यात गिटारीचं पोट फुगतं, तारा वर जातात. एप्रिलात लाकूड आक्रसतं, पडद्यांची टोकं हाताला टोचतात. मास्तरांच्या उशिरात निम्मं शास्त्र आहे. उरलेल्या निम्म्यात बोळातले सगळे ओळखीचे, चहा, आणि मिरजेचा पूर्वेतिहास.

त्यांचे शत्रू ठरलेले आहेत. पहिला एम-सील. सुटलेली घोडी एम-सीलनं बसवून आणणारा माणूस त्यांच्या लेखी जवळजवळ फौजदारी गुन्ह्यातला आरोपी. दुसरी गाडीची डिकी. "उन्हात डिकीत ठिवलीती? तीनशे जादा." हा दर कुठे लिहिलेला नाही, पण त्यात घासाघीस चालत नाही. तिसरा यूट्यूब. एक आयटीतला गृहस्थ व्हिडिओ पाहत पाहत सळई स्वतःच फिरवू लागला. पाव फेऱ्यानं काही होईना म्हणून अर्धा, अर्ध्यानं होईना म्हणून पूर्ण, आणि मग आतून 'टक्' असा आवाज आला. मास्तर हा 'टक्' इतका हुबेहूब काढतात की ऐकणारा आपापल्या गिटारीची मान चाचपून पाहतो.

मास्तरांना स्वतःला गिटार वाजवता येत नाही, हे पहिल्यांदा कळतं तेव्हा माणूस गारच होतो. काम झालं की ते मोकळ्या तारा एकदा छेडतात, डोळे मिटतात, आवाज पार विरेपर्यंत थांबतात, की झालं. उलट न्यायला आलेला जो तो तिथेच बसून 'चुरा लिया'ची सुरुवात वाजवतो. वय, जात, धर्म, पक्ष, सगळे भेद विसरून प्रत्येक जण तेच वाजवतो. मास्तर ऐकून घेतात. अगदीच असह्य झालं तर म्हणतात, "भूपिंदर सिंगनी ते १९७३ला वाजवून ठिवलंय. चांगलं वाजवलंय."

तरी त्यांच्या हाताला यश आहे. बँकेतून निवृत्त झालेले एक अण्णा तिथे आले होते, गिटार विकायला. साठीनंतर हौसेनं शिकायला घेतली, जी आला, सी आला, पण एफ कॉर्ड काही केल्या लागेना. तर्जनी आडवी सहाही तारांवर दाबायची, बोटं काळीनिळी, आवाज मात्र फट्ट. शिकवणाऱ्या मुलानं सांगितलं होतं, सराव करा. अण्णांनी निष्कर्ष काढला की आपली बोटं नोटा मोजायच्याच लायकीची. मास्तरांनी गिटार डोळ्याला लावली, पहिल्या पडद्यापाशी तार दाबून पाहिली आणि चक्क चिडले. "अवो साहेब, बोटं तुमची चांगलीच हाइत. हे नट बघा केवढं उच्च! पैलवानाला लागायचा न्हाई एफ." लगेच बारीक कानस घेऊन सहा खाचा खाली उतरवल्या. एकेक खाच, दोन घाव, तार बसवून बघ, परत काढ. त्या दिवशी बुधवारची वाट पाहावी लागली नाही. अण्णांनी भीतभीत बोट आडवं टाकलं आणि एफ वाजला. पूर्ण नाही, एक तार थोडी बुजली. पण एफच होता. अण्णांनी तो इतक्या वेळा वाजवला की इस्त्रीवाला काय झालं म्हणून बघायला आला.

पैसे किती, विचारलं तर मास्तर "द्या काय ते" म्हणाले. बँकेतल्या माणसाला असा मोघम व्यवहार सोसेना. तेव्हापासून अण्णा रोज दुपारी तिथे येऊन बसू लागले आहेत. त्यांनी एक लांब वही आणली, तीत लाल-निळ्या शाईनं रकाने आखले: आवक दिनांक, वाद्याचे वर्णन, तक्रार, कबूल केलेला बुधवार, प्रत्यक्ष बुधवार. भिंतीवरच्या प्रत्येक गिटारीला दोऱ्यानं क्रमांकाची चिठ्ठी बांधली. त्या मोजणीत तीन गिटारी अशा निघाल्या की त्या कुणाच्या हे मास्तरांनाही आठवेना, आणि एक अशी निघाली की तिचा मालक नोकरीसाठी परदेशात जाऊन, लग्न करून, दोन मुलांचा बाप झाला आहे. अण्णांनी त्याला पत्र धाडलंय.

मास्तर या कारभारानं हैराण आहेत. परवा गेलो तर वही सरसाच्या भांड्याखाली दडवलेली होती आणि अण्णा ती शोधत होते. मी पिशवीतून गिटार काढू लागलो तोच अण्णांनी चष्मा वर केला, मास्तरांच्या आधी हात पुढे करून गिटार घेतली, एक डोळा मिटून ट्यूबलाइटकडे धरली आणि मला विचारलं, "कुणी हात लावला होता का हो?"

"आधी नाव लिवा," मास्तर म्हणाले.